सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा वर्ग आणि कोल्हापूरचा परिसर

प्रोग्रॅम लिहिता येणे आणि सॉफ्टवेअर उभारता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पहिलीला एक विद्यार्थी, एक संगणक आणि नेमके मांडलेले गणित एवढे पुरते. दुसरीत अनेक माणसांनी मिळून, अर्धवट सांगितलेल्या आणि वरचेवर बदलणाऱ्या गरजांसाठी, वर्षानुवर्षे चालवावी व दुरुस्त करावी लागणारी व्यवस्था ठरावीक पैशांत आणि मुदतीत तयार करायची असते. या दुसऱ्या कामाचे शास्त्र आणि शिस्त म्हणजे सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांत, संगणक शाखेची पदवी किंवा एमसीए करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला या नावाचा एक विषय येतो, त्याची लेखी परीक्षा होते, आणि त्यांच्यातील अनेकांच्या लेखी तो ‘थिअरीचा’, म्हणजे आदल्या आठवड्यात पाठ करून सुटणारा विषय असतो. हा समज विद्यार्थ्यांच्या आळसातून आलेला नाही. विषय ज्या रीतीने शिकवला आणि तपासला जातो, त्यातून तो सरळ निघतो.

‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव जगभर रूढ झाले ते १९६८च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेमुळे. त्या काळी संगणक झपाट्याने शक्तिमान होत होते, पण त्यांच्यासाठी लिहिली जाणारी मोठी सॉफ्टवेअरे मुदत ओलांडत होती, खर्च फुगत होता आणि हाती येणारी वस्तू चुकांनी भरलेली असे. पूल किंवा यंत्रे बांधणाऱ्यांकडे असते तशी शिस्त सॉफ्टवेअरकडे नाही, हे बोचक रीतीने दाखवण्यासाठीच परिषदेने हे नाव मुद्दाम निवडले होते. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या अनुभवाचे सार मांडले: रेंगाळलेल्या प्रकल्पात नवी माणसे घातली की तो आणखी रेंगाळतो, कारण नव्यांना कामाची ओळख करून देण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि माणसामाणसांतील संवादाच्या वाटा माणसांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. चार माणसांत अशा वाटा सहा असतात, आठ माणसांत अठ्ठावीस. महाराष्ट्रात या विषयाच्या संशोधनाची परंपरा पुण्याला आहे. टाटा समूहाने तेथे १९८१मध्ये स्थापन केलेल्या टीआरडीडीसी या केंद्रात, फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने, सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतींवर आणि साधनांवर दीर्घकाळ काम झाले.

कोल्हापूर परिसराचा अभियांत्रिकी शिक्षणाचा पाया त्याहून जुना आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७चे, शिवाजी विद्यापीठ १९६२चे. पण संस्थांची खरी दाटी झाली ती १९८३मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिल्यावर. गोकुळ शिरगावचे केआयटी, वारणानगरचे तात्यासाहेब कोरे महाविद्यालय आणि इस्लामपूरजवळच्या साखराळ्याचे राजारामबापू महाविद्यालय त्याच वर्षीची, तर कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील महाविद्यालय १९८४चे. यांतील काहींच्या मागे सहकारी साखर कारखानदारी उभी होती, हे पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्या संस्थांनी ऊस आणि दूध यांचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांच्याच आवारात आज हिशेबाची सॉफ्टवेअरे कशी बांधावीत हे शिकवले जाते. मात्र वर्गातली उदाहरणे बहुधा एटीएम, ग्रंथालय आणि विमानाचे आरक्षण हीच असतात, कारण पाठ्यपुस्तकांत ती आयती मिळतात.

या विषयाचा नेहमीचा पाठ्यक्रम ठरलेला आहे. सॉफ्टवेअर तयार होण्याच्या टप्प्यांची प्रतिमाने, गरजांचा दस्तऐवज अर्थात एसआरएस, युएमएलच्या आकृत्या, खर्चाचा अंदाज, चाचणीचे प्रकार आणि देखभाल असा त्याचा क्रम असतो, आणि प्रश्नपत्रिकेत ‘धबधबा प्रतिमान व सर्पिल प्रतिमान यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न हटकून येतो. धबधबा प्रतिमानात गरजा, आराखडा, लेखन, चाचणी हे टप्पे एकामागून एक, मागे न वळता पार पडतात असे मानले जाते. ज्या विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधातील आकृतीशी हे प्रतिमान जोडले जाते, त्यांनी त्याच निबंधात ही सरळ उतरण धोक्याची असल्याचे लिहून ठेवले होते आणि मागे वळण्याच्या वाटा सुचवल्या होत्या. पाठ्यपुस्तकांनी आकृती उचलली, इशारा मागे राहिला. परीक्षेच्या दृष्टीने आकृती सोयीचीही आहे: तिला ठरावीक गुण देता येतात.

अडचणीचे मूळ मात्र प्रश्नपत्रिकेच्याही आधीचे आहे. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची सगळी तंत्रे ज्या दुखण्यांवर उपाय म्हणून जन्मली, ती दुखणी विद्यार्थ्याला झालेलीच नसतात. त्याने लिहिलेला सर्वांत मोठा प्रोग्रॅम काहीशे ओळींचा असतो, तो एकट्याने लिहिलेला असतो, त्याचा वापरकर्ता तो स्वतः किंवा परीक्षक असतो, आणि व्हायव्हा संपली की त्याचे आयुष्यही संपते. बॅरी बोहेम यांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात दाखवले की गरजा समजून घेताना झालेली चूक सॉफ्टवेअर चालू झाल्यावर दुरुस्त करायला मोठ्या प्रकल्पात शंभरपट खर्च येऊ शकतो, पण लहान प्रकल्पात ही वाढ पाचेक पटींच्या आसपासच राहते. या दुसऱ्या आकड्याकडे शिक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. सत्रातला मिनी प्रोजेक्ट या अर्थाने लहानच असतो. आधी कोड लिहून मागाहून एसआरएस भरणाऱ्या विद्यार्थ्याचे त्यात काहीच बिघडत नाही, आणि दस्तऐवज म्हणजे सबमिशनची औपचारिकता हा निष्कर्ष त्याचा स्वतःचा अनुभवच त्याला शिकवतो.

चूक जितकी उशिरा सापडेल तितकी महाग, हा हिशेब कोल्हापूरला नवा नाही. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्यातला दोष ओतकामाआधी दिसला तर वाळू पुन्हा भरून भागते, ओतल्यावर दिसला तर धातू पुन्हा भट्टीत जातो, मशीनिंग करताना आत पोकळी निघाली तर कामगाराचे तास आणि हत्यारांची झीज वाया जाते, आणि गिऱ्हाइकाकडे गेल्यावर निघाली तर सगळा लॉट परत येतो. फरक एवढाच की कास्टिंगमधली पोकळी हाताला लागते, तर सॉफ्टवेअरमधली पोकळी ते विशिष्ट परिस्थितीत चालवल्याखेरीज कोणालाही दिसत नाही; म्हणून ती परिस्थिती वर्गात जाणूनबुजून निर्माण करणे हे या विषयाच्या शिक्षकाचे मुख्य काम ठरते. व्याख्यानाने ते साधत नाही.

यासाठी लागणारी सामग्री परिसरात विपुल आहे. जिल्ह्यातील गावोगावच्या प्राथमिक दूध संस्थेचे संकलन हे पाहायला सोपे आणि बांधायला अवघड अशा प्रणालीचे उत्तम उदाहरण ठरेल. १९६३मध्ये स्थापन झालेल्या, ‘गोकुळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा संघाला अशा हजारो संस्था दूध पुरवतात. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घालतो, त्याचे मोजमाप होते, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ, काढले जातात, दरपत्रकावरून भाव ठरतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. म्हशीच्या दुधाला ६ फॅट व ९ एसएनएफ, तर गाईच्या दुधाला ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ हे आधाराचे आकडे धरले जातात. एवढे ऐकून विद्यार्थी दोन तक्ते आणि एक गुणाकार अशी रचना करून मोकळा होतो.

संस्थेच्या सचिवाशी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा बोलल्यावर खरी प्रणाली दिसू लागते. संघ खरेदी दर बदलतो तो एखाद्या ठरावीक तारखेपासून, आणि ती तारीख दहा दिवसांच्या मध्येच पडू शकते. मग दर हा एक आकडा न राहता ‘अमुक तारखेपासून लागू’ अशी नोंद होते आणि जुनी बिले जुन्याच दराने पुन्हा काढता यावी लागतात. पहाटे वीज गेली तर नोंद वहीत होते आणि संगणकात दुपारी चढते, म्हणजे दूध घातल्याची वेळ आणि नोंदीची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. पशुखाद्याची आणि उचलीची कपात बिलातून होते. कपात बिलापेक्षा जास्त झाली तर काय करायचे, याचे उत्तर संस्थेगणिक वेगळे असू शकते. आणि दिवाळीला दूध दर फरक वाटला जातो, तेव्हा वर्षभरात कोणी किती दूध घातले याची बेरीज लागते. जुलैत मुलाखत घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्याला सचिव फरकाबद्दल बहुधा सांगणार नाही. लपवण्याचा त्याचा हेतू नसतो. वर्षातून एकदा येणारे काम पावसाळ्यात आठवत नाही, एवढेच. गरजांचे संकलन या प्रकरणात पाठ्यपुस्तके मुलाखत, प्रश्नावली आणि निरीक्षण अशी तंत्रे मोजतात, परंतु ‘वर्षभरात एकदाच होणारे काम कोणते?’, ‘नियमाला अपवाद केव्हा होतो?’, ‘यंत्र बंद पडले तर काय करता?’ असे प्रश्न विचारण्याची सवय प्रत्यक्ष फसल्याखेरीज लागत नाही.

येथे भाषेचाही एक व्यावहारिक मुद्दा आहे. मुलाखत मराठीत होते, दस्तऐवज इंग्रजीत लिहिला जातो, आणि ज्याच्या गरजा त्यात नोंदवल्या त्या सचिवाला तो तपासता येत नाही. गरजांचा दस्तऐवज वापरकर्त्याने वाचून मान्य करावा हे या पद्धतीचे मूलतत्त्वच त्यामुळे कोलमडते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी पदवीला मान्यता दिली आणि पिंपरी चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक शाखा मराठीतून सुरू केली. तो प्रयोग कसाही आकाराला येवो, इंग्रजी माध्यमाच्या वर्गातसुद्धा एसआरएसमधील गरजांची विधाने मराठीत लिहून घेऊन त्यांवर वापरकर्त्याची सही आणायला लावणे आजही शक्य आहे.

गरजांपुढचा टप्पा आराखड्याचा, आणि तेथे दर पावसाळ्यात वृत्तपत्रांतून येणारी पंचगंगेची पातळी उपयोगी पडते. राजाराम बंधाऱ्याजवळ ती फूट आणि इंचांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. अलमट्टी धरणाची पातळी मीटरमध्ये सांगितली जाते आणि तिची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे; धरणातला साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, तर विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत येतो. पातळी वाढताच सूचना देणारे छोटे सॉफ्टवेअर लिहा, एवढेच विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांच्यापैकी बरेचजण ४३ फूट ५ इंच ही नोंद ४३.५ अशी साठवतील. हा आकडा प्रत्यक्षात ४३ फूट ६ इंच होतो. ४३ फूट ११ इंच तर ४३.११ होऊन ४३.५च्या खाली जाऊन बसेल, म्हणजे नदी चढत असताना आलेख उतरताना दिसेल. चूक क्षुल्लक वाटते, पण याच जातीच्या चुकीने नासाचे मंगळाकडे निघालेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले: यानाला दिलेल्या धक्क्यांचा हिशेब जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर ब्रिटिश एककांत देत होते आणि तो घेणारे दुसरे सॉफ्टवेअर मेट्रिक एकके गृहीत धरत होते.

डेव्हिड पार्नास यांनी १९७२मध्ये मांडलेले ‘माहिती झाकण्याचे’ तत्त्व याच उदाहरणावर नीट उलगडता येते. सॉफ्टवेअरचे भाग पाडताना कामाच्या पायऱ्यांप्रमाणे न पाडता, उद्या बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागात बंदिस्त करावा आणि बाकीच्या भागांना तो कळूच देऊ नये, असे हे तत्त्व सांगते. पातळी कोणत्या एककात साठवली आहे हा असा एक निर्णय; कोणत्या ठिकाणाची धोका पातळी किती हा दुसरा; नोंद माणसाने भरली की संवेदकाने पाठवली हा तिसरा. ज्या गटाने ४३ हा आकडा कोडमध्ये बारा ठिकाणी लिहिला आहे, त्याला ‘आता सांगलीही जोडा’ असे सत्राच्या मध्यावर सांगितले की पार्नास यांचा निबंध न वाचताही त्याचे महत्त्व पटते. तीच गोष्ट आलेखाच्या मर्यादेची. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली. पन्नासच्या पुढे पाणी जाणार नाही असे मानून आलेखाचा माथा ठरवणारे सॉफ्टवेअर सर्वांत गरजेच्या दिवशीच निकामी ठरले असते. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हा अग्निबाण उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाला तो अशाच गृहीतकामुळे: एरियान-४साठी लिहिलेला आणि तेथे बिनचूक चाललेला कोड जसाच्या तसा वापरला गेला, नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त असल्याने ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, आणि दिशा सांगणारी मूळ व राखीव अशा दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने बंद पडल्या.

गटात काम करणे हा या विषयाचा सर्वांत कमी शिकवला जाणारा आणि सर्वांत जास्त गृहीत धरला जाणारा भाग आहे. चौघांच्या गटात एकजण कोड लिहितो, दुसरा रिपोर्ट, तिसरा पीपीटी, आणि चौथा बाइंडिंग करून आणतो. शिवाय तयार प्रोजेक्ट विकत घेण्याची वाटही सर्वांना माहीत असते. लिनस टोरवाल्ड्‌स यांनी २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेल्या गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याचा इतिहास राहतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून काम तिच्यात ठेवण्याची सक्ती केली की ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा नावांच्या फाइली मागे पडतात आणि गाइडला कामाची वाटणीही दिसते. मात्र नोंदी मोजून गुण दिले तर विद्यार्थी नोंदीच वाढवतील, हे वेगळे सांगायला नको. याहून परिणामकारक, आणि विद्यार्थ्यांना मुळीच न आवडणारी, युक्ती म्हणजे सत्राच्या मध्यावर गटांचे कोड आपसात बदलणे: दूध संस्थेचे संकलन एका गटाने लिहावे आणि दिवाळीच्या फरकाचा भाग दुसऱ्याने त्यात घालावा. उद्योगात रुजू होणाऱ्या अभियंत्याच्या वाट्याला पहिली काही वर्षे बहुधा दुसऱ्याचाच कोड येतो, आणि महाविद्यालयात तो वाचण्याचा प्रसंग जवळपास येत नाही. नावे नीट द्यावीत, टिपा लिहाव्यात, चाचण्या सोबत ठेवाव्यात ही पाठ केलेली सूत्रे अशा देवघेवीत एकदम सार्थ वाटू लागतात, कारण तक्रार करणारा आता शिक्षक नसून शेजारच्या बाकावरचा मित्र असतो.

गेल्या काही वर्षांत सांगताक्षणी कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विद्यार्थ्यांच्या हाती आल्यामुळे हा विषय कालबाह्य होईल असे काहींना वाटते. ब्रुक्स यांनी १९८६मध्ये केलेली विभागणी येथे कामाला येते. सॉफ्टवेअरमधील काही अडचणी साधनांच्या उणिवांतून येतात आणि साधने सुधारली की कमी होतात, तर काही मूळ प्रश्नाच्या गुंतागुंतीतच असतात आणि कोणत्याही साधनाने नाहीशा होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. दरपत्रकातून भाव शोधणारे शंभर ओळींचे फंक्शन यंत्र लिहून देईल. कपात बिलापेक्षा जास्त झाली तर काय, हे संस्थेला विचारल्याशिवाय त्याला ठाऊक होणार नाही, आणि विचारायला हवे हे ज्याला सुचत नाही त्याला यंत्राचे उत्तर बरोबर की चूक तेही ठरवता येणार नाही. साधनांनी ढासळवली आहे ती मूल्यमापनाची जुनी पद्धत, कारण चालणारा प्रोजेक्ट आणि नीटनेटका रिपोर्ट ही आता शिकल्याची खूण उरलेली नाही.

मूल्यमापनाचा हा प्रश्न अखेर प्रश्नपत्रिकेपाशीच येतो. संलग्न महाविद्यालयांत एकच प्रश्नपत्रिका अनेक ठिकाणी जाते, उत्तरपत्रिका वेगवेगळे परीक्षक तपासतात, आणि गुणदानात एकसारखेपणा राहावा म्हणून व्याख्या, आकृती आणि फरक यांनाच झुकते माप मिळते. स्वायत्तता मिळालेल्या महाविद्यालयांना, आणि या परिसरात अशी महाविद्यालये आता बरीच आहेत, ही सबब फारशी लागू पडत नाही. फरक स्पष्ट करायला सांगण्याऐवजी दोनशे ओळींचा अनोळखी कोड छापून देता येतो. खरेदी दर महिन्याच्या १४ तारखेपासून बदलला आहे असे सांगून बदल कोठे कोठे करावा लागेल, कोठे करू नये, आणि तो बरोबर झाला हे कोणत्या चार चाचण्यांनी तपासाल, असे विचारता येते. अशी उत्तरपत्रिका तपासायला वेळ अधिक लागतो आणि परीक्षकाला तो प्रश्न आधी स्वतः सोडवून पाहावा लागतो, म्हणून अध्यापनभाराच्या तक्त्यात या कामासाठी स्वतंत्र तास धरावे लागतील.